अडीच वाजता समुद्राकडचं दार

४ मार्च १९७४, सोमवार

आले एकदाची. सामानाचा ट्रक गल्लीत वळेना, म्हणून पुस्तकांची सहा खोकी मासळीच्या हातगाडीवर घालून उतारावरून खाली आणली, आणि आता माझ्या सगळ्या राजेराण्यांना बांगड्याचा वास येतो आहे. मला तो आवडला. एकोणीस वर्षं लीड्सला मुलींकडून सनावळ्या घोकून घेतल्या. त्यात वास कशालाच नव्हता.

‘थ्री हेरिंग्ज’ माझा झाला. नेमकं लिहायचं तर पबची इमारत ब्रुअरीची, माझा आहे तो परवाना. दारावरच्या पाटीवर रंगाऱ्याने दुपारी माझं नाव घातलं, हेस्टर लाँगस्टाफ, आणि खाली कायद्याने घालायची ती दारूविक्रीच्या परवान्याची ओळ. मी रस्त्यापलीकडे जाऊन तीनदा वाचली. चव्वेचाळिसाव्या वर्षी माणसाने स्वतःचं नाव वाचून इतकं सुखावू नये, पण सुखावले. परवान्याच्या सुनावणीत मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारलं होतं की एकटी बाई दारुड्यांना बाहेर कसं काढणार. मी म्हटलं, शुक्रवारी दुपारी नववीचा वर्ग गप्प बसवलेल्या बाईला हे विचारू नये. त्यांनी सही केली.

ब्रुअरीचे टॉलसन किल्ल्या द्यायला आले होते. सभ्य, थकलेला माणूस. त्यांनी काही लपवलं नाही. नऊ वर्षांत इथे सहा मालक झाले, मी सातवी. मीही गेले तर पुन्हा पाटी रंगवायची नाही, खिडक्यांना फळ्या ठोकायच्या, असं वरून ठरलं आहे. मग स्कारविक गावच्या दोनशे माणसांना बसायला चर्च आणि बसथांबा उरेल. मी म्हटलं, फळ्यांची ऑर्डर रद्द करा.

इडा वेड इथे काउंटरमागे सव्वीस वर्षं आहे. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून म्हणाली, आधीच्या सहांपेक्षा बूट तरी बरे आहेत.

६ मार्च, बुधवार

बिअरच्या पंपाचा दांडा सावकाश आणि एकाच दमात ओढायचा असतो. माझे पहिले चार ग्लास नुसता फेस होता. इडा म्हणाली, दाढी करायची असेल त्यांना द्या.

इथली एक रीत लिहून ठेवायला हवी. दुपारी अडीचला घंटा वाजवायची, ‘वेळ झाली, मंडळी’ म्हणायचं, आणि साडेपाचपर्यंत बंद. हे देशातल्या सगळ्याच पबांत असतं. पण गिऱ्हाइकं गेल्यावर इडा मला मागच्या बाजूला घेऊन गेली. तिथलं दार थेट समुद्राच्या भिंतीवर उघडतं आणि पुढे दगडी पायऱ्या पाण्यात उतरतात. तिने दार सताड उघडलं, एकेक पायरी नीट पाहिली, अगदी खालच्या शेवाळलेल्या पायरीपर्यंत, आणि मग पाण्याकडे तोंड करून तोच पुकारा केला. वेळ झाली, मंडळी. तिथे कुणी नव्हतं. एक सीगल होता, तोही उडाला नाही.

मी कारण विचारलं. तिने कडी घातली आणि म्हणाली, कारणं शाळेत असतात, बाई, इथे कामं असतात. रोज करायचं, नाताळलासुद्धा. आणि आधी बघायचं, मग पुकारायचं. उलटं करायचं नाही.

मला ही रीत फार आवडली. होड्यांवरच्या माणसांना हाक मारायची जुनी पद्धत असणार. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही.

११ मार्च, सोमवार

पबचा आणि त्याच्या मालकांचा इतिहास लिहायला घेतला. सुंदर अक्षरात काढून, चौकटीत घालून शेकोटीवर लावायचा. दुपारच्या तीन बंद तासांत लिहिते. बार रिकामा असतो, शेकोटी अजून जळत असते. माझ्या आयुष्यातले हे सगळ्यात शांत तास असतील.

पहिला मालक एबल कूल्सन, १७७१. फुटलेल्या जहाजांच्या लाकडांनी घर बांधलं. चोरून आणलेली जिन तळघरात, आणि वर बायबलचं वाचन. त्याची सून प्रूडन्स, जिने दोन नवरे आणि तीन पाद्री पुरले. मग गारसाइड बापलेक. १९०९ पासून जोनास थ्यूलिस. त्याच्यामागे त्याची बायको मार्था, १९१९ ते १९५०, एकतीस वर्षं, कसलीही तक्रार नाही. मग बेसविक, पंधरा वर्षं. आणि १९६५ पासून धडाधड सहा. त्यातला पहिला शहरातून आला होता आणि असले खुळचट पुकारे बंद करा म्हणाला होता, असं इडाने सांगितलं. तिसरा, क्लिफर्ड नन, इथेच बाकावर बसल्या बसल्या गेला. बाकीचे निघून गेले. शेवटच्याने जानेवारीत चुलीवर सूप तसंच उकळत ठेवलं होतं.

चर्चच्या नोंदवहीत जोनास थ्यूलिसच्या मृत्यूचं कारण लिहिलं आहे: ‘घरात, बसल्या जागी, बुडून’. कारकुनाची चूक असावी. पडताळायचं.

जेब हार्कर रोज बाराला येतो, नेहमी समुद्राकडच्या दाराकडे पाठ करून बसतो. ऐंशी वर्षांचा, जुना मच्छीमार. मी काय लिहिते आहे ते कळल्यावर तो म्हणाला, मास्तरीणबाई, त्यात माझं नाव नको हं. मी म्हटलं, यात फक्त मालकांची नावं आहेत, पिणाऱ्यांची लिहायची तर कागद पुरणार नाही. सगळे हसले. जेब हसला नाही, हे मला आत्ता लिहिताना आठवतं आहे.

१५ मार्च, शुक्रवार

सेथ बॉइजला आज पुरलं. चाळीस वर्षं याच बारमध्ये बसणारा माणूस. त्याची माणसं चर्चमधून सरळ इथे आली, सोळाजण. इडा तापाने घरी आहे, मी एकटीच होते. सेथच्या विधवेने त्याच्या लग्नातल्या फजितीची गोष्ट सांगायला घेतली, लोक रडता रडता हसत होते, आणि घड्याळात अडीच झाले.

मला घंटा वाजववेना. आपल्याकडे कुठला मालक वाजवेल? मी पुढचं दार लावलं, पडदे ओढले आणि म्हटलं, आता विक्री बंद, पुढची बिअर माझ्याकडून. दार लावून पिण्यात जी मजा असते ती उघड्या दारात नसते. सगळ्यांचे चेहरे शाळेला दांडी मारल्यासारखे झाले. फक्त जेब उठून काउंटरपाशी आला. त्याचा चेहरा खडूसारखा झाला होता. म्हणाला, घंटा वाजवा, बाई. मागचं दार उघडा आणि वाजवा. मी म्हटलं, अर्ध्या तासाने. तो ग्लास तसाच सोडून अंगणातून निघून गेला.

सव्वातीनला पुढचं दार वाजलं. सगळे चिडीचूप. बाहेरून कॉन्स्टेबल लिस्टरने विचारलं की आत गिऱ्हाइकं आहेत का. मी दाराआडून खणखणीत आवाजात उत्तर दिलं, “गिऱ्हाईक कोणी नाही. या घरात आत्ता जो कोणी आहे, तो माझा पाहुणा आहे.” हे उत्तर प्रत्येक मालकाला पाठ असतं, आणि कायद्यासमोर ते टिकतं. लिस्टर बाहेर हसला आणि गेला. आत सेथच्या विधवेने माझा हात दाबला. मी इथली झाले, असं वाटलं.

पाचला सगळे गेले. ग्लास धुतले, सतरा झाले. माणसं सोळा होती आणि मी घेतली नव्हती. मग आठवलं, जेबचा ग्लास. पण जेब सोळांतच होता. पुन्हा मोजले.

१६ मार्च, शनिवार

समुद्राकडच्या भिंतीलगत पाठीचा लांब बाक आहे. त्याच्या एका टोकाला एक माणूस बसेल एवढी जागा ओली आहे. छत कोरडं, भिंत कोरडी. पुसली, तासाभरात पुन्हा ओली. चाखून पाहिलं: खारट.

इडा तापातून उठून आली. तिने बाक पाहिला आणि विचारलं की काल मागचं दार उघडून पुकारा केला होता का. मी नाही म्हटलं, आणि कारणही सांगितलं. लिस्टरला काय उत्तर दिलं तेही, थोड्या ऐटीत. तिने हातातला फडका खाली ठेवला आणि स्टुलावर बसली. सव्वीस वर्षांत कामाच्या वेळी मी पहिल्यांदा बसले, म्हणाली. मग म्हणाली, बाई, तुम्ही काय करून बसलात.

१९ मार्च, मंगळवार

गेले तीन दिवस अडीचचा पुकारा मी स्वतः करते आहे. दार उघडते, पायऱ्या बघते, ओरडते. बाक ओला तो ओलाच. त्या टोकाला कोणी बसत नाही. गर्दीतसुद्धा गिऱ्हाइकं तेवढी जागा सोडून दाटीवाटीने बसतात, आणि विचारलं तर त्यांनाच नवल वाटतं.

इडाचं म्हणणं असं की पुकारा गिऱ्हाइकाला लागू. पाहुण्याला कोणी घंटा वाजवून उठवत नाही. हे तिने माझ्याकडे न बघता, ग्लास पुसत सांगितलं. मी तिला विचारलं की हा पाहुणा आहे तरी कोण. ती म्हणाली, जेबला विचारा. जेब शुक्रवारपासून आलेला नाही.

आज दुपारी मी वर लिहीत बसले होते. खाली बारमध्ये काउंटरची उचलायची फळी उचलल्याचा आणि पुन्हा हलकेच खाली ठेवल्याचा आवाज आला. खाली गेले. कोणी नव्हतं. पण काउंटरच्या आतल्या बाजूची फरशी ओली. गिऱ्हाईक फळीच्या आत येत नाही. पाहुणा येतो.

मी घाबरले, हे लिहिते. आणि हेही लिहिते की मग मी मोठ्याने म्हटलं, स्वयंपाकघर डावीकडे आहे, आणि पाय पुसून या.  

२२ मार्च, शुक्रवार

स्वयंपाकघरातला टॉवेल ओला सापडतो, नीट घडी घातलेला. माझा चहाचा कप अर्धा होतो. आज जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या मध्यभागी मिठाचा पांढरा थर वाळलेला होता, अकराव्या पायरीपर्यंत. वरच्या चार कोरड्या आहेत. मी ब्रशने घासून काढला. पाहुणा सभ्य आहे, हे मान्य करावं लागेल. काही फोडत नाही, काही मागत नाही.

मला खोकला झाला आहे.

दुपारी जेबच्या घरी गेले आणि तो सांगेपर्यंत उठणार नाही म्हणून त्याच्या दारात खुर्ची टाकून बसले. शेजारच्या बायका बघत होत्या. शेवटी त्याने मला आत घेतलं.

१९१७ चा फेब्रुवारी. जेब पायात गोळी लागून सुट्टीवर आला होता. त्या दुपारी अडीचनंतर जोनास थ्यूलिसने दार लावून चौघांना आत ठेवलं होतं, जेब त्यातला एक. जोनासला आधी एकदा ताकीद मिळाली होती. पुन्हा सापडला तर परवाना जाणार होता. पावणेतीनला समुद्राकडचं दार वाजलं. त्या काळचा कॉन्स्टेबल चोरपावलांनी पुळणीवरून यायचा, मागच्या दाराने पकडायला. जोनासने ओठांवर बोट ठेवलं आणि दिवा विझवला. पाचजण श्वास रोखून बसले. जेब म्हणाला, मला हसू आवरत नव्हतं, बाई. मी तोंडात टोपी कोंबली होती. दार वाजतच राहिलं. जोनास कुजबुजला, काय चिकट माणूस आहे, आणि मग सगळ्यांनाच हसू दाबणं कठीण झालं. वीस मिनिटं. मग वाजणं सावकाश झालं. मग थांबलं. त्यांनी आणखी एकेक ग्लास घेतला.

साडेपाचला दार उघडलं तेव्हा वरच्या पायरीवर एकजण होता, दाराला खांदा लावून. बाकी पाच खालच्या पायऱ्यांवर, पाणी त्यांच्या कमरेपर्यंत चढलेलं. बाहेर धुक्यात त्यांची मासेमारीची बोट पाण्यातल्या सुरुंगावर फुटली होती. ते पोहत आले होते. थंडीने गेले, उबेपासून एका फळीच्या अंतरावर.

चौकशीत सगळ्यांनी सांगितलं की घरात कोणी नव्हतं. गावाने मान डोलावली. दोन वर्षांनी लढाई संपल्याच्या आनंदात जोनास पुन्हा दार लावून मित्रांबरोबर बसला, आणि आठवड्याने त्याच बाकावर कोरड्या कपड्यांत मेलेला सापडला. पालथा केला तेव्हा तोंडातून बादलीभर पाणी आलं. पुढे क्लिफर्ड ननचंही तसंच. जोनास गेल्यावर मार्थाने पाहुण्याला हाताला धरून पायऱ्या उतरवल्या आणि पाण्यापर्यंत पोचवून आली. परतली तेव्हा कमरेपर्यंत भिजली होती. तेव्हापासून अडीचला दार उघडून पायऱ्यांवर कुणी जिवंत माणूस नाही ना ते आधी बघायचं आणि मग पुकारायचं.

जेब मला म्हणाला, तुम्हीही पोचवून या. यजमानाने पाहुण्याला फाटकापर्यंत सोडायचं असतं. आपलं फाटक म्हणजे ओहोटीची रेघ.

२३ मार्च, शनिवार

काल रात्रभर विचार केला. मार्था गेली आणि परतली. मीही परतेन, असं धरून चालू. तरीही त्याचा अर्थ काय होतो? एका माणसाने दार वाजवलं, पाचजणांनी हसू दाबून त्याला मरू दिलं, आणि गावाने पंचावन्न वर्षं त्याला रोज अडीच वाजता अगदी शिस्तीत सांगितलं की वेळ झाली. आता तो एकदाचा आत आला आहे, आणि मी त्याला हाताला धरून पुन्हा पाण्यात नेऊन सोडायचं.

हे तत्त्व आहे की माझा हट्ट? मला दोन्हींतला फरक नेहमीच कळतो असं नाही. वर्गातल्या मुलींना कळायचा.

नाही नेणार. आणि मीही जाणार नाही. पाटीवर माझं नाव आहे. इथून कोण जातो आणि कोण राहतो, ते मी ठरवीन.

२६ मार्च, मंगळवार

खोकल्यातून पाणी येतं. सुरुवातीला रुमाल ओला व्हायचा, आता बशी लागते. खारट. शेजारच्या गावच्या डॉक्टरांनी छाती तपासली, स्वच्छ आहे म्हणाले, समुद्राची हवा चांगली असते म्हणाले. मी हसले आणि त्यांच्या टेबलावर ओकले. 

टॉलसन आले होते. मला बघून हॅट काढली ती हातातच ठेवली. म्हणाले, मिस लाँगस्टाफ, कोणी तुम्हाला दोष देणार नाही, पब सोडते अशी एक ओळ लिहून द्या, बाकी मी बघतो. गाडीत मागच्या सीटवर फळ्या होत्या, मी पाहिल्या. मी म्हटलं, त्या भिजतील, आत आणून ठेवा, शेकोटीला उपयोगी पडतील. इडा काउंटरमागे फिसकन हसली. दहा दिवसांत पहिल्यांदा.

२९ मार्च, शुक्रवार

जिन्याच्या सगळ्या पायऱ्यांवर मीठ.

काल माझ्या पलंगावरच्या दुसऱ्या उशीत खळगा होता आणि खळग्यात बारीक काळी वाळू. मी ती उशी बाजूच्या खोलीत नेली, तिथे पलंग घातला, कोरडी चादर, पायाशी गरम पाण्याची बाटली. त्याला मोठ्याने सांगितलं की ही तुमची खोली, ती माझी. पाहुण्याला मर्यादा सांगाव्या लागतात. आज माझी उशी कोरडी आहे. बाटली सकाळी बर्फासारखी होती.

म्हणजे तो ऐकतो.

पण छातीतलं पाणी कमी होत नाही. त्याचा काही राग असेल असं वाटत नाही. तो जिथे असतो तिथे बुडणं असतं, इतकंच.

२ एप्रिल, मंगळवार

इतिहासाचा कागद पुरा केला. सगळे मालक. आणि जोनास थ्यूलिसच्या खाली ती दुपार, जशी घडली तशी. बोटीच्या बंदरातून पत्राने सहा नावं मिळाली, ती घातली. वरच्या पायरीवरचा वॉल्टर इंगल्बी, वय एकतीस, बोटीवरचा दुय्यम तांडेल. मी वाचून दाखवलं, बाकाकडे तोंड करून. बाक —

नाही, जे झालं तेच लिहायचं. बाकाचं लाकूड करकरलं, माणूस पुढे झुकून ऐकतो तसं.

कागद शेकोटीवर लावला. संध्याकाळी लोकांनी वाचला आणि ग्लास अर्धे टाकून उठले. कोणी तरी म्हणालं, बाहेरची बाई, हिला काय करायचंय. सेथची विधवा थांबली. तिने पुरा वाचला. म्हणाली, सेथला माहीत होतं, तो झोपेत बडबडायचा. मग तीही गेली.

४ एप्रिल, गुरुवार

गिऱ्हाईक नाही. दोन दिवस. इडा येते. मी म्हटलं, तू नको येऊस. ती म्हणाली, तुम्ही शाळेला सुट्टी देता वाटतं बाई, मला पगार बसायचा नाही मिळत.

पाऊण बादली. इडाने ती ओतली. 

ती म्हणते, चला, मी दुसरा हात धरते, दोघी मिळून पोचवून येऊ. रडत होती.

मला जावंसं वाटलं. हे लिहायलाच हवं. फार वाटलं. सामान बांधून बस पकडावी, किंवा त्याला खाली नेऊन सोडावं, काहीही, फक्त श्वास —

नाही.

५ एप्रिल, शुक्रवार

जेब आला. काठी टेकत, भर बाराला, सगळ्या गल्लीसमोरून. कागदापाशी उभा राहिला. मग म्हणाला, मास्तरीणबाई, तुमच्या कागदात एक चूक आहे. ‘पाचजण आत होते’ लिहिलंत. नावं कुठायत? मी म्हटलं, तुम्हीच नको म्हणाला होतात. त्याने पेन मागितलं. अक्षर स्वच्छ. चार नावं, शेवटचं स्वतःचं.

मग बाकावर जाऊन बसला. ओल्या टोकाशेजारी. सत्तावन्न वर्षांत पहिल्यांदा दाराकडे तोंड करून.

म्हणाला, थंडी आहे इथे. शेकोटी वाढवा.

संध्याकाळी श्वास थोडा मोकळा. योगायोग असेल. पडताळायचं —

६ एप्रिल, शनिवार

पौर्णिमा. उधाणाची भरती. दोन वाजले आहेत, गिऱ्हाईक एकही नाही. जेब आहे. इडा आहे.

छाती पुन्हा भरली. कालपेक्षा वाईट. बसूनच श्वास घेता येतो.

कळलं, काय राहिलं ते. मी एकालाच आत घेतलं. पाच अजून पायऱ्यांवर आहेत. म्हणून तो निघत नाही, म्हणून पाणी आटत नाही — तो माझा पाहुणा, पण त्याची माणसं बाहेर. माझा तर्क. पुरावा नाही.

आज पुकारा नाही. इडाला सांगितलं. तिने मान हलवली, आणि घंटेची दोरी सोडवून खिशात घातली.

अडीच. दार आतून बंद. शेकोटी मोठी केली, टॉलसनच्या फळ्या जळताहेत. इडाने सगळी ब्लँकेटं खाली आणली.

दोन चाळीस.

वाजलं.

पुढचं नव्हे. समुद्राकडचं.

इडा म्हणते, लिस्टर असेल. असेलही. पुळणीवरून. कागद वाचला असेल त्याने —

पुन्हा. बरेच हात. खालून वर.

दिवा गेला. जेबने विझवला. स्वतःच्या हाताने, नकळत. ओठांवर बोट आहे त्याचं. शेकोटीच्या उजेडात दिसतं, डोळे गच्च मिटलेले. गप्प बसा बाई, म्हणतो, हलू नका, जातील —

मी त्याचं बोट धरून खाली केलं. हलकेच. तो रडतो आहे.

सावकाश होतंय. वाजणं सावकाश होतंय. वीस मिनिटं नाही देणार मी.

पाणी तोंडात येतं. लिहिणं — उठते आहे. इडा कडीपाशी पोचली. तिला म्हटलं, थांब, मी. परवाना माझा. कोणीही असो, लिस्टर असो, पाचही असोत, सगळा समुद्र असो, माझ्या नावाच्या घराचं दार वाजलं तर ते मी —